फोटोचे पैसे कोणी दिले?

जुना फोटो हातात आला की माणूस आधी विचारतो, हा कोण? मग विचारतो, कुठला, आणि कधीचा? या पुस्तकातले डहाणू-तलासरीकडचे फोटो जुळवताना या तिन्ही प्रश्नांपेक्षा चौथाच प्रश्न जास्त उपयोगी पडला. याचे पैसे कोणी दिले? विसाव्या शतकाची पहिली पन्नास-साठ वर्षे या भागात उगाच, हौस म्हणून फोटो निघत नव्हता. काचेची प्लेट किंवा फिल्म, धुलाई, कागद, फोटोग्राफरचे गाडीभाडे आणि त्याचे जेवणखाण एवढा खर्च कोणीतरी उचलायचा. ज्याने तो उचलला त्यानेच ठरवले की खुर्चीवर कोण बसणार, मागे कोण उभा राहणार आणि कोणाला ‘जरा बाजूला हो रे’ म्हणायचे.

हा भाग माहीत नसलेल्यांसाठी थोडा भूगोल सांगतो. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या या चिंचोळ्या मुलखाचे लोकांच्या बोलण्यात पूर्वीपासून दोन भाग आहेत. एक बंदरपट्टी, दुसरी जंगलपट्टी. बंदरपट्टीत डहाणू, चिंचणी, बोर्डी, घोलवड. जंगलपट्टीत आत आत गेलेली वारली आदिवासींची गावे आणि त्यांचे दूरदूर विखुरलेले पाडे. दोहोंच्या मधून मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जातो. तो १८६४ साली सुरू झाला. तेव्हापासून जंगलपट्टीतले लाकूड, कोळसा आणि गवत रुळांवरून मुंबईला जाऊ लागले आणि मुंबईहून जे जे आले त्यात कॅमेराही होता. तो बहुतेक वेळा रुळांच्या पश्चिमेलाच उतरला आणि तिथेच राहिला. या संग्रहातले निम्म्याहून अधिक फोटो बंदरपट्टीतले आहेत, याचे एक कारण हे.

दुसरे कारण हवेचे. समुद्राची खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत कागदाचे काय होते हे कोकणात राहिलेल्याला सांगावे लागत नाही. बुरशी येते, कसर लागते, फ्रेमच्या काचेला फोटो चिकटतो आणि सोडवायला गेले की चेहरा काचेवरच राहतो. तरी बंगल्यातल्या कपाटात फोटो तगला. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेल्या घरात, जिथे चुलीचा धूर आढ्यापर्यंत जातो, तिथे तो तगणे कठीणच. काचेच्या प्लेटांचे हाल वेगळे. स्टुडिओ बंद पडला की प्लेटा भंगारात जात. त्यांवरचा थर खरवडून काच खिडक्यांना आणि देवांच्या तसबिरींना वापरली जाई. किती माणसे अशी धुऊन निघाली याचा हिशेब कोणाकडे नाही.

आता पैसे देणाऱ्यांकडे येऊ. पहिला अर्थातच सरकार.

इंग्रजी अमलात ‘जाती आणि जमाती’ यांची मोजदाद हा एक मोठा उद्योग होता आणि कॅमेरा त्यात लवकरच सामील झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली. पुढे विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या लोकांचे फोटो असलेले दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनहून काढले. त्या फोटोंची गंमत अशी की माणसे एकीकडे उभी करून टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडला. देवळासमोर उभा दिसणारा माणूस त्या देवळाशी गेलाही नसेल. फोटो खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. संगणक यायच्या कितीतरी आधीची ही करामत आहे.

विसाव्या शतकात ही जोडाजोडी मागे पडली, पण दृष्टी तीच राहिली. आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात आले. अशा ग्रंथांच्या काळातले जे सुटे फोटो आमच्या हाती लागले, त्यांत माणूस समोरून एकदा आणि बाजूने एकदा उभा केलेला आहे आणि खाली ‘वारली पुरुष’ एवढेच लिहिलेले आहे. नाव नाही, पाडा नाही. झाडाचे पान वहीत चिकटवून खाली जात लिहावी तसा प्रकार. तरी हे फोटो आम्ही गाळले नाहीत. कमरेच्या आकडीतला कोयता, गळ्यातल्या मण्यांच्या माळा, लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून नेसायची पद्धत, हे सगळे त्यांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठेच नाही. फोटो काढणाऱ्याचा हेतू आपल्याला पटला नाही म्हणून त्याचे भिंग स्वच्छ होते हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा पैसे देणारा म्हणजे मालक. जमीनमालक, सावकार, जंगलाचे ठेकेदार, बागाईतदार. यांत पारशी होते, इराणी होते, मारवाडी होते, ब्राह्मण होते, बंदरपट्टीतले इतरही होते. इराणी म्हणजे इराणातून उशिरा आलेले जरथुष्ट्री. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. घोलवडला चिकू एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आला असे मानतात. आज त्याला भौगोलिक मानांकन आहे. आम्हाला या बागांचा एक अनपेक्षित फायदा झाला. कुटुंबाचा ग्रुप फोटो बागेत काढायची पद्धत होती आणि चिकू हे सावकाश वाढणारे झाड आहे. फोटोत झाड माणसाच्या खांद्याएवढे असेल तर काळ एक, बंगल्याच्या छपराला टेकले असेल तर दुसरा. एकाच बागेचे वेगवेगळ्या वेळी काढलेले तीन फोटो मिळाले तेव्हा त्यांचा क्रम आम्ही झाडांवरून लावला. माणसांवरून लावता आला नसता, कारण तीनही फोटोंत आजोबांचा कोट एकच आहे.

मालकाने पैसे दिलेला एक फोटो मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. गवताच्या वखारीचा. मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘गवत’ आणि ‘सीझन’ एवढेच दोन शब्द आहेत, साल नाही. गाठी घराच्या उंचीएवढ्या रचल्या आहेत. मधोमध धोतर, कोट, काळी टोपी घातलेला एक इसम, काखेत वही, हात काट्याच्या दांडीवर. उजव्या कडेला चार पुरुष. लंगोटी, डोक्याला फडके, एकाच्या हातात विळा. चौथा अर्धाच आहे, बाकीचा चौकटीबाहेर गेला. गाठींमधली काडी न् काडी मोजता येईल इतकी स्वच्छ उतरली आहे. टोपीवाल्याच्या कोटाची बटणे दिसतात. त्या चौघांचे चेहरे मात्र पुसट आहेत, कारण ते हलले. फोटोग्राफरने ‘हलू नका’ असे टोपीवाल्याला सांगितले असणार. या चौघांना ते सांगायची गरज कोणाला वाटली नाही. फोटो काढला होता तो माल दाखवायला. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला किती माल तयार आहे हे कळले पाहिजे, एवढाच त्याचा उपयोग.

हा फोटो मी जितका पाहतो तितके माझे लक्ष त्या काट्याकडे जाते. १९४५ च्या लढ्यात वारल्यांची एक मागणी होती की पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये मिळाले पाहिजेत. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. ते कापले कोणी, वजन वाचले कोणी, वहीत मांडले कोणी, हे सगळे या एका फोटोत आहे.

त्या लढ्याची हकीकत महाराष्ट्राला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे माहीत आहे. पुस्तक १९७० चे, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७२ चा. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वारली आपल्याच बापजाद्यांच्या जमिनीवर कुळे झाले होते. मालक बोलावील तेव्हा फुकट राबायचे ही वेठ. पावसाळ्यात पोटाला नाही म्हणून खावटीचे धान्य काढायचे आणि ते दीडदुपटीने फेडायचे. लग्नासाठी मालकाकडून पैसे घेतले की नवरा लग्नगडी व्हायचा, म्हणजे ते कर्ज फिटेपर्यंत मालकाकडे राबायचा, बहुधा नवरा-बायको दोघेही. आणि ते कर्ज फिटत नसे. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात ते स्पष्ट लिहिले होते. अहवाल दप्तरात गेला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याला उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले, त्यांत झरीचे माह्या धांगडा होते. २३ मे १९४५ रोजी झरीला सभा झाली आणि सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, बारा आण्यांखाली मजुरी घ्यायची नाही, असे तिथे ठरले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत फिरले आणि लाल बावटा हा शब्द जंगलपट्टीत घरोघर गेला. पाऊस संपून गवतकापणीचा हंगाम आला. कापणी अडली की मालकाचे वर्षाचे उत्पन्न अडते हे दोन्ही बाजूंना नीट माहीत होते. संप ऑक्टोबरातच का पेटला याचे उत्तर त्या वखारीच्या फोटोत आहे. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली गोळा झाले होते. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी हूल उठवून त्यांना तिथे जमवण्यात आले होते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. पुढे ७ जानेवारी १९४७ ला पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि तिथेही पाच जण गेले.

या संग्रहात झरीच्या सभेचा फोटो नाही. तलवाड्याचा नाही. नानिवलीचा नाही. जेठ्या गांगडचा तर नाहीच.

आधी मला वाटत होते, कुठेतरी निघेल. लढ्याच्या दोनच वर्षे आधी, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी काढलेले फोटो लाल बावट्याच्याच, कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या पत्रात छापून आले होते आणि देश हादरला होता. म्हणजे कॅमेरा कशाला वापरायचा हे पक्षाला कळलेले होते. पण दुष्काळ महिनोन् महिने चालतो, फोटोग्राफर तिथे पोचू शकतो. गोळीबार तासांत आटपतो. तलवाड्याला ज्यांच्याकडे कॅमेरा असण्याचा संभव होता त्यांना तो दिवस टिपण्यात रस नव्हता आणि ज्यांना असता त्यांच्याकडे चार आणे नव्हते. त्या दिवसाचा पुरावा उरला तो लोकांच्या आठवणीत, गोदावरीबाईंच्या लेखणीत आणि १० ऑक्टोबरला दरवर्षी होणाऱ्या हुतात्म्यांच्या स्मरणात. या भागाच्या शतकातली सगळ्यात मोठी घटना फोटोंच्या पुस्तकात शब्दांनीच सांगावी लागते आहे. संपादकांनी तिथे दोन पाने कोरी सोडायची सूचना केली होती. मी विरोध केला. कोरी पाने फार सजावटी दिसतात. त्याऐवजी तिथे वखारीचा फोटो मोठा करून छापला आहे.

तिसरा पैसे देणारा म्हणजे संस्था आणि हा माझ्या मते संग्रहातला सगळ्यात आनंदी भाग आहे. बोर्डीला आचार्य शं. रा. भिसे यांच्यामुळे शिक्षणाचे वातावरण आधीपासूनच होते. तिथे १९४५ साली ताराबाई मोडक आल्या. वर झरीची तारीख सांगितली ती याच वर्षाची. एकाच वर्षात दोन बायका या मुलखात दोन टोकांना काम करत होत्या, एक शेतमजुरांत आणि दुसरी पोरांत. ताराबाईंनी माँटेसरीची पद्धत गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला राबवली होती. खेड्यात ती महागडी साधने परवडणारी नव्हती. मग बिया, शंख, काड्या, मडकी हीच साधने झाली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि त्यानंतर हट्टाने शिकलेल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची पोरे शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. अंगणात भरणारी बालवाडी इथलीच आणि आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात त्या कल्पनेचे मूळही या कामात आहे.

या काळातल्या फोटोंत पोरे हललेली आहेत. वखारीतले मजूरही हलले होते, पण इथे फोटोग्राफरने मुलांना हलू दिले आहे. एक पोरगा शेळीचा कान धरून पाटीकडे पाहतो आहे, शेळी कॅमेऱ्याकडे. संस्थेला देणगीदारांना काम दाखवायचे असे, अहवाल छापायचे असत, त्यामुळे फोटोंचा खर्च होई. म्हणून थोडी मांडणीही आहेच. पुढच्या रांगेतल्या मुलींचे केस जरा जास्तच चापून विंचरलेले आहेत. पण फोटोंच्या मागे मुलांची नावे आहेत. ‘वारली मुलगा’ नाही, नावे. पंचवीस-तीस वर्षांत झालेला हा बदल लहान नाही.

१९५४ साली सिल्वासा मुक्त झाले, १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली. या सगळ्याचे फोटो आहेत, बहुतेक वर्तमानपत्री, कोनशिला आणि हार यांचे. आम्ही मोजकेच घेतले. मंत्र्यांच्या गळ्यातल्या हारांवरून शतक कळत नाही.

चौथा पैसे देणारा उशिरा आला आणि त्याच्यासाठीच हे पुस्तक करावेसे वाटले. डहाणू रोडजवळच्या सरावलीचा म्हणून मिळालेला एक लग्नाचा फोटो आहे. रंगीत, पण रंग आता तांबूस झालेले. नवरा-नवरी ओटीवर उभे आहेत. नवऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे आणि ते दिसावे म्हणून त्याने हात छातीशी आणला आहे. नवरीची साडी नायलॉनची. साडी आणि रंगांची फिल्म यांवरून आम्ही १९७० च्या दशकाचा शेवट धरला. मागच्या गेरूने सारवलेल्या कुडावर लग्नाचा चौक आहे, तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी काढलेला, मधोमध पालघट देवी. फ्लॅश चौकावर पडून तिचा वरचा भाग उडाला आहे. फोटो नीट बसलेला नाही. जोडपे डावीकडे सरकले आहे आणि उजवीकडे चौकाला भरपूर जागा सुटली आहे. पाहणाऱ्याला वाटते, फोटोग्राफर नवशिका होता. फोटो ज्यांच्या घरातून आला त्यांनी वेगळे सांगितले. चौकही आला पाहिजे, असे नवऱ्यानेच बजावले होते. पैसे तो देणार होता.

हा चौक लग्नानंतर टिकत नाही. पुढच्या सारवणात जातो. त्याच दशकात भास्कर कुलकर्णींनी वारली चित्रकला बाहेरच्या जगासमोर आणली. गंजाडचे जिव्या सोमा माशे कागदावर आणि कापडावर चितारू लागले आणि १९७५ साली त्यांची चित्रे मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती कहाणी सर्वांना माहीत आहे. पण कलादालनात गेलेल्या चित्रांइतकाच मला हा फोटो मोलाचा वाटतो. पुसून जाणारे चित्र आपल्या लग्नाबरोबर राहावे म्हणून एका वारल्याने स्वतःच्या मजुरीतून पैसे मोजले. याच मुलखात त्याआधी तीस-पस्तीस वर्षे लग्न म्हणजे माणूस गहाण पडायचा. ते घड्याळ असे पुढे का धरले आहे, हे मग सांगावे लागत नाही.

शतकाच्या शेवटी पुन्हा सरकार आले. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारांना फोटो असलेले ओळखपत्र द्यायचे ठरवले आणि जंगलपट्टीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला आणि एकमेव फोटो तोच निघाला. मयताच्या दिवशी मोठा करून हार घालायला घरच्यांनी तोच स्टुडिओत नेला. असे काही मोठे केलेले फोटो शेवटच्या भागात आहेत. ते दाणेदार आहेत, काहींत डोळे अर्धवट मिटलेले आहेत. तरी प्रत्येकाखाली नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे. ‘वारली पुरुष’ लिहिणाऱ्या सरकारने सत्तर वर्षांनी एवढी मजल मारली.

प्रत्येक फोटोखालच्या ओळींत आम्ही गाव, अंदाजे काळ आणि शक्य तिथे पैसे कोणी दिले हे नोंदले आहे. काळाच्या आधी ‘सुमारे’ असेल तर तो झाडे, कपडे, विजेच्या तारा, छपराची कौले की पत्रे अशा खुणांवरून लावलेला आहे. वाचकाला त्यात फरक दिसला तर जरूर कळवावे. ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांना एक विनंती. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहा आणि कडेला अर्धाच आलेला कोणी असेल तर त्याचेही, माहीत असेल तर.